साबण आणि उलट साबण

गोंदिया जिल्ह्यातील मोहाच्या झाडाविषयी आजवर जे लिहिले गेले त्यातील बहुतेक भाग फुलांनीच व्यापलेला आहे, आणि ते साहजिकही आहे. कारण चैत्राच्या पहाटे झाडाखाली पडलेला तो रसाळ सडा वेचण्यात सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव ह्या बाजूची कुटुंबेच्या कुटुंबे गुंतलेली असतात. परंतु फुलांचा बहर ओसरून दोनएक महिने लोटले, आणि मृगाच्या आगेमागे फळे पिकली, म्हणजे त्याच झाडाखाली दुसरा एक हंगाम चालतो, त्याकडे लेखकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. हा हंगाम बियांचा. ह्या बीस कोणी टोळ म्हणतात, छत्तीसगडच्या लगतच्या गावांतून टोरी म्हणतात. ती फोडून, वाळवून घाण्यात घातली म्हणजे जे तेल निघते ते थंडीत तुपासारखे थिजते. ते दिव्यात जळे, अंगास लागे, गरिबाच्या फोडणीस पडे, आणि त्याचा साबणही होई. मागे जी पेंड उरते ती कडू व विषारी असल्यामुळे गुरांच्या कामाची नसते. पण माशांचे बीज सोडण्यापूर्वी तळ्यातील नको असलेले मासे काढून टाकावयाचे असले म्हणजे मत्स्यशास्त्रज्ञ हीच पेंड, हेक्टरी सुमारे २५०० किलो ह्या मानाने, पाण्यात टाकावयास सांगतात. काही तासांत मासे वर येतात, दोन-तीन आठवड्यांत विषाचा अंश जिरतो, आणि मग तीच पेंड तळ्यास खत होते.

तेलापासून होणारा साबण आणि पेंडीतील सॅपोनिन नावाचे द्रव्य ही दोन्ही पाण्यात फेस करतात. दोन्हींच्या रेणूचा एक भाग पाण्याची आवड असलेला, तर दुसरा पाण्यापासून दूर पळणारा असतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्यांना पृष्ठसक्रिय द्रव्ये ह्या एकाच वर्गात घालतात. तथापि त्यांत एक भेद आहे, आणि आमचा सारा विषय त्या भेदावर उभा आहे. सॅपोनिन पाण्यात विरघळले असता बहुधा विद्युद्भारावाचून राहते. साबण मात्र पाण्यात पडताच दुभंगतो: सोडियमचा धनभारी कण निराळा होतो आणि लांब शेपटाचा मुख्य भाग ऋणभार अंगावर घेऊन उरतो. विसाव्या शतकात माणसाने ह्याच्या अगदी उलट बांधणीची, म्हणजे शेपूट तसेच पण डोके धनभारी, अशी द्रव्ये तयार केली. त्यांस जर्मन शास्त्रज्ञांनी 'उलट साबण' असे नाव दिले. साबण आणि उलट साबण एकाच पाण्यात आले असता काय होते, आणि जे होते ते माणसास कसकसे उमगत गेले, ह्याचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहो. प्रश्न दिसावयास काचपात्रापुरता आहे; परंतु बाळंतिणीच्या खोलीतील घंगाळापासून नवेगावबांधच्या पाण्यापर्यंत त्याचे धागे गेलेले आहेत.

साबण हा शब्दच मुळी आपला नव्हे. अरबी 'साबून' ह्या शब्दाचे ते भावंड आहे. तो येण्यापूर्वी आपल्याकडील लोक मळकेच राहत होते असे मात्र कोणी समजू नये. रिठा व शिकेकाई केसांस आणि रेशमास, राख भांड्यांस, सज्जीखार व पापडखार सुती कापडास, अशी कामाची वाटणी ठरलेली होती. पूर्व विदर्भातील वरठी भट्टी लावीत, म्हणजे कपडे खाराच्या पाण्यात बुडवून मग वाफेवर ठेवीत. त्या उष्णतेत खार कपड्यातील तेलकट मळाशी संयोग पावे आणि थोडासा साबण कपड्याच्या अंगातच तयार होई. विकतचा साबण न आणता ही मंडळी साबणाने धूत होती असे म्हटले तरी चालेल.

पुढे साबणाची वडी घरोघर आली, तेव्हा तिच्याबरोबर एक तक्रारही आली. ज्या विहिरीचे पाणी जड, त्या पाण्यात साबणास फेस येईना. उलट कपड्यावर पांढुरका चिकट साका बसू लागला. रिठ्यास हा त्रास नव्हता, कारण त्यास म्हणण्यासारखा भार नाही. साबणाच्या शेपटाळ कणावर ऋणभार असतो आणि जड पाण्यातील चुन्याच्या कणावर दुहेरी धनभार असतो. तो साबणाच्या दोन कणांना एकदम धरून बसतो, आणि ते त्रिकूट पाण्यातून बाहेर पडते. विरुद्ध भारांच्या भेटीचा हा पहिला घरगुती नमुना होय. त्यात साबणाचे निव्वळ नुकसान दिसते, आणि पुढे शंभर वर्षे शास्त्रज्ञांच्या मनावर जो ग्रह बसला तो ह्याच अनुभवाचा होता, असे आम्हांस वाटते.

साबण म्हणजे काय हे शास्त्रशुद्ध रीतीने प्रथम सांगितले ते शेव्हरल ह्या फ्रेंच रसायनज्ञाने, सन १८२३ मध्ये. तेल किंवा चरबी म्हणजे मेदाम्ले व ग्लिसरीन ह्यांचा संयोग, आणि खाराने तो सुटून मेदाम्लाचा क्षार झाला म्हणजे साबण, असा त्याच्या ग्रंथाचा सारांश आहे. (हा गृहस्थ एकशे दोन वर्षे जगला, साबणाच्या शोधकास दीर्घायुष्य लाभावे हे योग्यच.) ह्या कसोटीने पाहता मोहाचे तेल साबणास चांगले ठरते, कारण त्यात ओलेइक, पामिटिक व स्टिअरिक ही तीन आम्ले मुख्य आहेत. युरोपातील कारखानदारांस हे लवकरच कळले. पहिल्या महायुद्धापूर्वी मोहाचे बी 'मोव्रा' ह्या नावाने हिंदुस्थानातून परदेशी जाई, आणि त्यातील मोठा वाटा जर्मनी व बेल्जम ह्यांचा असे. पेंडीलाही तेथे गिऱ्हाईक मिळाले, पण ते विचित्र. इंग्लंडातील गोल्फच्या हिरवळीवरील गांडुळे वर काढून मारण्यासाठी ही पेंड पसरीत. आपल्याकडे ती तळ्यातल्या माशांवर चाले, तिकडे साहेबांच्या खेळाच्या मैदानावर. द्रव्य एकच आणि त्याची करणीही एकच. १९१४ साली युद्ध पेटले आणि हा व्यापार तुटला.

त्याच सुमारास आपल्या देशातच तेलापासून साबण करण्याची उमेद वाढली. अर्देशीर गोदरेज ह्यांनी १९१८ साली मुंबईत प्राण्यांची चरबी वर्ज्य करून, केवळ वनस्पतींच्या तेलांचा साबण बाजारात आणला, ही हकीगत वाचकांस ठाऊक असेलच. वऱ्हाड-मध्यप्रांताच्या बाजूस ह्या विद्येचे पीठ झाले ते कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण ह्यांच्या मृत्युपत्रामुळे. त्यांनी नागपूर विद्यापीठास जी मोठी रक्कम ठेवली तीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था निघाली, आणि तेलांचे तंत्रशास्त्र हा तिच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय झाला. त्या वेळी गोंदिया हे भंडारा जिल्ह्यातील एक रेल्वेचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा होण्यास १९९९ सालचा मे महिना उजाडावा लागला.

आता साबण पाण्यात गेल्यावर तेथे काय करतो ह्या प्रश्नाकडे वळू. शेव्हरलने साबणाची घटना सांगितली, वर्तन सांगितले नाही. आणि वर्तन मोठे चमत्कारिक होते. कोणताही साधा क्षार पाण्यात विरघळला म्हणजे त्याचे दोन तुकडे होतात, ते तुकडे वीज वाहून नेतात, आणि जितके तुकडे अधिक तितका पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. वीज किती वाहते ह्यावरून जो हिशेब निघतो तोच गोठण्यावरूनही निघावयास हवा. साबणाच्या बाबतीत हे दोन साक्षीदार एकमेकांशी जुळेनात. विजेची साक्ष अशी की, भारी कण पुष्कळ आहेत. गोठणबिंदूची व बाष्पदाबाची साक्ष अशी की, पाण्यात एकंदर कणच थोडे आहेत.

इंग्लंडातील ब्रिस्टल येथे काम करणारे जेम्स विल्यम मॅकबेन ह्यांनी ह्या विसंगतीचा उलगडा केला. जन्माने ते कॅनडातले. सन १९१३ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की, साबणाचे ऋणभारी कण सुटे राहत नाहीत. त्यांचे पुंजके बनतात, आणि हे पुंजके भार टाकून न देता भारासकट एकत्र येतात. म्हणून कणांची संख्या थोडी, पण वीज पुष्कळ. एकाच जातीचा भार असलेल्या कणांनी परस्परांस दूर लोटावे हा विजेचा नियम असता, ते गोळा होऊन बसतात असे म्हणणे त्या काळी धाष्ट्र्याचेच होते. लंडनच्या सभेत त्यांनी ही कल्पना मांडली तेव्हा अध्यक्षांनी ती वेडगळ म्हणून एका शब्दात उडवून लावली, अशी एक आख्यायिका ह्या शास्त्राच्या वर्तुळात सांगतात. पुंजक्यांस पुढे 'मिसेल' हे नाव रूढ झाले. पाण्यापासून पळू पाहणारी शेपटे आत, पाण्याची आवड असलेली डोकी बाहेर, अशी ती रचना. हळदीकुंकवास जमलेल्या बायकांत पाठीस पाठ लावून कोणी बसत नाही; साबणाचे कण मात्र शेपटास शेपूट लावूनच बसतात, कारण पाण्यात त्यांना तेवढाच एक आसरा असतो.

ह्याच मॅकबेन ह्यांचा महाराष्ट्राशी संबंध आला ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असावी तितकी नाही. पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली, ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, आणि तिचे पहिले संचालक म्हणून मॅकबेन ह्यांची योजना झाली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून निवृत्त झालेले, सदुसष्ट वर्षांचे हे वृद्ध गृहस्थ पाषाणच्या माळावर नव्या संस्थेची घडी बसविण्यास आले आणि १९५२ पर्यंत त्यांनी ते काम पाहिले. १९५३ साली ते वारले. त्यांच्या पत्नी मेरी एव्हलिन लँग ह्याही साबणाच्या द्रावणांवरच काम करणाऱ्या रसायनज्ञ होत्या, आणि मेदासारखी द्रव्ये पुंजक्यांच्या पोटात कशी मावतात ह्यावरील त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे संस्थांचा इतिहास लिहिताना फीत कोणी कापली ह्याची नोंद राहते. ज्या माणसाच्या एका कल्पनेवर जगातील सारे धुण्याचे शास्त्र उभे आहे तो दोन-तीन वर्षे आपल्या गावी राहून गेला, ही नोंद तिच्याहून मोठ्या अक्षरांत हवी.

इकडे साबणाचा प्रतिपक्षीही जन्मास आला होता. बाझेल येथील हार्टमन व केगी ह्यांनी १९२८ साली, आम्लयुक्त पाण्यातही न फाटणाऱ्या आणि धनभारी डोके असलेल्या द्रव्यांची हकीगत प्रसिद्ध केली. रंगाऱ्यांच्या कामात ती ताबडतोब शिरली. कारण कापसाच्या व लोकरीच्या धाग्यावर पाण्यात बहुधा ऋणभार असतो, त्यामुळे ही द्रव्ये धाग्यास घट्ट बिलगून त्यास मऊपणा आणीत. मग १९३५ साली गेर्हार्ड डोमाक ह्यांनी दाखवून दिले की, ती जंतूंसही अशीच बिलगतात आणि त्यांस मारतात. ज्या वर्षी त्यांनी प्रॉन्टोसिल ह्या औषधाची कीर्ती जगापुढे आणली त्याच वर्षातील हे दुसरे काम आहे. पहिल्याच्या झगमगाटात ते काहीसे झाकले गेले. रिखार्ट कून ह्यांनी १९४० साली ह्या द्रव्यांस 'उलट साबण' म्हणून संबोधिले. त्यांच्याच कुळातील सेट्रिमाइड हे द्रव्य दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडातील रुग्णालयांत आले. आणि 'सॅव्हलॉन' ह्या नावाने जो पिवळसर द्रव आपल्याकडील दवाखान्यांत व घरांत परिचित झाला, त्यात सेट्रिमाइड व क्लोरहेक्सिडीन ही दोन्ही धनभारी द्रव्ये होती.

उलट साबण जंतूस कसा मारतो हे येथे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण सारी मेख तेथेच आहे. जंतूच्या अंगावरील पडदा मेदासारख्या द्रव्यांचा असून त्यावर एकंदरीत ऋणभार असतो. धनभारी डोके त्या भाराकडे ओढले जाते, लांब शेपूट पडद्यात घुसते, पडदा विस्कटतो आणि आतील द्रव्ये बाहेर गळतात. औषधाचा सगळा गुण म्हणजे ऋणभारी, मेदाळ वस्तूविषयीची ही ओढ. आता त्याच पाण्यात साबण असला तर काय होईल? साबणही ऋणभारी आहे, त्यालाही लांब शेपूट आहे, आणि तो जंतूपेक्षा किती तरी अधिक संख्येने व अधिक जवळ उपस्थित असतो. औषधाची ओढ तिकडेच खर्ची पडते. पाणी दुधाळ होते, साका खाली बसतो किंवा बोटांस चिकटतो, आणि जंतू होते तेथेच राहतात. ज्या गुणाने हे औषध तारते त्याच गुणाने ते स्वतः बुडते.

हे लक्षात घेतले म्हणजे एका सर्वसाधारण समजुतीचा धोका उघड होतो. साबण स्वच्छता करतो, औषध जंतू मारते, मग दोन्ही एकत्र केले असता दुप्पट काम होईल, असा हिशेब सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतो. खेड्यात बाळंतपणाच्या वेळी साबणाने माखलेले हात न विसळता तसेच औषधाच्या घंगाळात बुडविले, किंवा जखम साबणाने धुऊन लगेच तीवर हे पाणी ओतले, तर करणाऱ्यास आपण दुहेरी काळजी घेतली असे वाटते. वास्तविक त्याने औषधाची पुष्कळशी शक्ती हातोहात घालविलेली असते. दाईचा किंवा परिचारिकेचा ह्यात काय दोष? दोन बाटल्यांवर दोन गुण लिहिलेले असतात. त्या दोन गुणांचे आपसांत पटत नाही ही गोष्ट लहान टायपात असते, आणि बहुधा इंग्रजीत. उलट साबणाचे द्रावण सौम्य वा शिळे झाले म्हणजे त्यात स्यूडोमोनस जातीचे जंतू मजेत जगतात, हेही रुग्णालयांस १९५० नंतरच्या काळात फार मोल देऊन शिकावे लागले. जंतुनाशकाचे भांडेच रोगाचे घर झाल्याची उदाहरणे वैद्यकाच्या मासिकांत नमूद आहेत. उपाय अगदी स्वस्त आहे: साबण लावल्यावर हात किंवा जखम स्वच्छ पाण्याने पुरी विसळावी, मग औषध. दोहोंच्या मध्ये तांब्याभर पाण्याची भिंत पुरते.

प्रयोगशाळेतही आरंभी हेच दिसले. दोन्ही द्रव्ये समप्रमाणात मिसळली की साका, म्हणून मिश्रण म्हणजे नाश, हा सिद्धान्त झाला. लंडनच्या हार्टली ह्यांनी १९३६ च्या आपल्या छोट्या पुस्तकात दोन्ही जातींच्या द्रव्यांचे वर्तन एकाच सूत्रात आणले होते. आणि ह्या नाशाचा उपयोग मोजमापासाठी करावा हे चातुर्यही त्याच सुमारास सुचले. एप्टन ह्यांनी १९४७ साली जी रीत प्रसिद्ध केली ती आजही पाठ्यपुस्तकांत सापडते. एका भांड्यात पाणी व क्लोरोफॉर्म असे दोन थर घ्यावयाचे, त्यात ऋणभारी द्रव्य व मेथिलीन ब्लू हा धनभारी रंग घालावयाचा. रंग ऋणभारी द्रव्याशी जोडी करून खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो. मग उलट साबण थेंब थेंब सोडावा. तो रंगाहून अधिक जोराने जोडी जमवितो, रंग बिचारा सुटून पुन्हा वरच्या पाण्यात येतो, आणि दोन्ही थर सारखे निळे दिसले म्हणजे हिशेब पुरा झाला.

पण समप्रमाण हा एक बिंदू आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस मोठा प्रदेश आहे. ह्या प्रदेशाकडे लक्ष वळण्यास बराच काळ जावा लागला. एक द्रव्य थोडे अधिक आणि दुसरे थोडे कमी असले तर साका बसलाच पाहिजे असे नाही. पाणी पुन्हा नितळ होते, किंवा त्यास एक निळसर झाक येते, आणि त्या नितळ पाण्यात पुंजके असतात ते दोन्ही जातींच्या कणांचे मिळून. शिवाय हे पुंजके फार लवकर, म्हणजे फार थोड्या द्रव्यात बनतात. सोडियम डोडेसिल सल्फेट हे एकटे असले तर लिटरमागे सुमारे २.३ ग्रॅम झाल्यावाचून त्याचे पुंजके होत नाहीत. तितक्याच लांब शेपटाचे धनभारी द्रव्य सोबत असले तर ही मर्यादा शंभराव्या हिश्श्याच्याही खाली जाते. कारण उघड आहे. एकाच भाराची डोकी शेजारी बसविताना जी ढकलाढकली चालते ती येथे नाहीशी होते. आणि प्रत्येक डोक्याभोवती घुटमळणारे सोडियमचे व ब्रोमिनचे कण आता निष्कारण बांधून राहत नाहीत, ते मोकळ्या पाण्यात पसरतात. त्यांच्या ह्या मोकळीकीतच मिश्रणाच्या ओढीचा मोठा भाग आहे. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात एवढेच सांगून जे थांबतात ते अर्धीच गोष्ट सांगतात.

ह्या क्षेत्रातील एक उल्लेखनीय काम आपल्या मुंबईत झाले आहे. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील मनोहर व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८६ साली सेट्रिमाइडच्या जातीचे धनभारी द्रव्य आणि सोडियम सॅलिसिलेट ह्यांच्या मिश्रणाची मीमांसा प्रसिद्ध केली. सॅलिसिलेट हा पुरता साबण नव्हे, त्याचे शेपूट म्हणजे एक कडेच. पण तो ऋणभारी असून धनभारी डोक्यांच्या मध्ये जाऊन बसतो. गोल पुंजके त्यामुळे लांबत लांबत गांडुळासारखे होतात, एकमेकांत गुंततात, आणि पाण्यासारखे पातळ द्रावण अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्यासारखे दाट व ताणाचे बनते. भांडे गोल फिरवून एकदम थांबवावे, तर आतील बुडबुडे थोडे उलट दिशेस परत येतात. दोन पातळ पाण्यांच्या मिश्रणाने असे वागावे ह्याचे आश्चर्य पाहणाऱ्यास वाटल्यावाचून राहत नाही.

तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, अमेरिकेतून आणखी मोठी बातमी आली. केलर, मूर्ती, रोड्रिगेझ व झसाडझिन्स्की ह्या चौघांनी असे दाखविले की, एकेरी शेपटाची एक धनभारी व एक ऋणभारी अशी दोन साधी द्रव्ये योग्य प्रमाणात नुसती पाण्यात मिसळली, तर त्यांच्या बंद पिशव्या आपोआप तयार होतात. एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास व्यास, बाहेर पाणी, आत पाणी, मध्ये दुपदरी पडदा. घुसळावे लागत नाही, तापवावे लागत नाही, आणि ठेवल्या तर त्या दीर्घकाळ टिकतात. ऋणभारी व धनभारी डोकी जोडीने बसली म्हणजे ती जोडी एका डोक्याच्या व दोन शेपटांच्या रेणूसारखी वागते. असे रेणू गोल पुंजक्यात मावत नाहीत, त्यांची चादर होते, आणि चादरीची पिशवी. गंमत अशी की, ह्या प्रयोगातील ऋणभारी द्रव्य म्हणजे कपडे धुण्याच्या स्वस्त पावडरींतील मुख्य घटकाचेच भावंड होते. जंतूचा पडदा फाडणारे द्रव्य आणि धुण्याची पावडर ह्यांच्या संगमातून पुन्हा पडदाच निर्माण व्हावा, हे त्या साक्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्या पिढीस खरे वाटले नसते. प्रसाधनाचे कारखानदार शास्त्रज्ञांच्या आधीपासून ह्या प्रमाणाशी खेळत आले आहेत: केस धुण्याचे द्रव्य ऋणभारी आणि मागून लावावयाचे मऊपणाचे द्रव्य धनभारी. त्या खटपटीविषयी मात्र येथे अधिक लिहिण्याचे कारण दिसत नाही.

सजीवांच्या पेशींनी हीच युक्ती फार पूर्वी, आणि अधिक काटकसरीने साधलेली आहे. लेसिथिन नावाच्या मेदात ऋणभार व धनभार एकाच रेणूच्या डोक्यावर शेजारी शेजारी असतात आणि शेपटे दोन; म्हणजे जी जोडी काचपात्रात मिश्रणाने जमवावी लागते ती तेथे जन्मापासून बांधलेली असते. आमच्या विषयाच्या गावी हे द्रव्य दुर्मिळ नाही. गोंदिया हे धानाच्या गिरण्यांचे शहर आहे. तांदूळ सडून पांढरा करताना जो कोंडा निघतो त्याचे तेल काढतात, आणि ते कच्चे तेल शुद्ध करताना जो चिकट गाळ वेगळा होतो त्यात लेसिथिन व त्याचे सगेसोयरे असतात. मोहाच्या बीत एक भारी साबण होणारे तेल आणि एक निर्भार विष. धानाच्या कोंड्यात दोन्ही भार पोटात घेतलेले मेद. पृष्ठसक्रिय द्रव्यांच्या बहुतेक जाती एका तालुक्याच्या बाजारात दाखविता येतील. नाही तो उलट साबण तेवढा. तो कारखान्यातूनच यावा लागतो.

राहता राहिले तळे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचा हा जिल्हा. मालगुजारी १९५१ साली संपल्यावर त्यांतील बहुतेकांस 'माजी मालगुजारी' आणि संक्षेपाने 'मामा तलाव' म्हणू लागले. त्यांवर धान पिकते, ढीवरांची मासेमारी चालते, आणि काठच्या दगडांवर गावाचे धुणे पडते. पूर्वी ह्या पाण्यात रिठा व साबण जात. ते लवकर कुजतात, शिवाय पाण्यातील चुना साबणास पकडून तळाशी नेतो. पावडरीतील सल्फोनेटांस चुना त्या प्रमाणात पकडू शकत नाही, म्हणूनच तर ती जड पाण्यात फेस करतात आणि म्हणूनच ती धुण्यानंतर पाण्यात राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ह्या ऋणभारी द्रव्यांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, आणि दुसरे पाणी नसेल तर १ मिलिग्रॅम अशी घातलेली आहे.

इतका सूक्ष्म अंश ओळखावा कसा? त्यासाठी एप्टन ह्यांचाच तो निळा रंग कामास येतो. तळ्याचे पाणी घ्यावे, त्यात थोडे आम्ल, मेथिलीन ब्लू आणि क्लोरोफॉर्म घालून हालवावे आणि स्थिर होऊ द्यावे. पाणी निर्मळ असेल तर खालचा थर जवळजवळ बिनरंगी राहतो, कारण रंगास एकट्याने तेथे उतरता येत नाही. पावडरीचा अंश असला तर विरुद्ध भाराचा सोबती मिळून रंग खाली जातो, आणि निळेपणाच्या गडदपणावरून परीक्षक आकडा सांगतो. साबणाचा मात्र ह्या परीक्षेत पत्ता लागत नाही. आम्लयुक्त पाण्यात त्याचा भारच नाहीसा होतो, म्हणून टोळीच्या तेलाच्या साबणाने सारा घाट धुतला असला तरी निळा रंग वरच्या पाण्यातच तरंगत राहतो.